पाटाची गळती

भिंगरी परत आली त्या दिवशी तिच्या खोलीत चारा कापायचं यंत्र होतं, खताच्या गोण्या होत्या आणि एक नुकतीच व्यायलेली मांजर होती. शेतकऱ्याच्या घरात दोन वर्षं खोली रिकामी कोण ठेवतो? मी तिला म्हटलं, बाई गं, उद्या आवरून देते, आजचा दिवस माझ्याजवळ झोप. तिनं पिशवी दारात ठेवली, वाकून मांजरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ओल्या बाळंतिणीला कशाला उठवायचं, वहिनी?" मग यंत्र आणि गोण्या यांच्या मधल्या फटीत अंथरूण घालून झोपली. अंथरूणही असं, की माझे पाय गुडघ्यापासून बाहेर राहिले असते. पिल्लं हिंडायला लागेपर्यंत ती त्या फटीतच झोपत होती.

ही माझी नणंद. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून भिंगरी, आणि पस्तिशी आली तरी तेच नाव. लग्न केलं नाही. शहरात नोकरी केली, ती चांगली चालू असताना सोडली आणि परदेशात, लढाईपायी घरंदारं सोडून आलेल्या माणसांच्या छावणीत बिनपगारी सेवेला गेली. का गेली ते तिनं सांगितलं नाही आणि आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विचारलं नाही. या घराण्यात बोलणं फार महाग. सगळ्यांच्या वाटणीचं मीच बोलते.

आबा पाटकरी. डोंगरातल्या बंधाऱ्यातून एक पाट निघतो, गावच्या मळ्यांना वळसे घालत खालच्या ओढ्याला जाऊन मिळतो. त्या पाटावर फळ्या उचलायच्या, फळ्या टाकायच्या, ज्याची पाळी त्याच्या वाफ्यात पाणी घालायचं, उंदीर-खेकड्यांनी पोखरलेले काठ बुजवायचे आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, हे पाटकऱ्याचं काम. आमच्या घरात ते आबांच्या वडलांपासून चालत आलेलं. त्यांनी घालून दिलेला एक दंडक आहे. कोरडा पाट पहिलं पाणी स्वतःच पितो. ज्याची पहिली पाळी त्याच्या वाफ्यात निम्मंसुद्धा पोचत नाही. म्हणून पहिली पाळी पाटकऱ्याच्या घरची. गावानं त्याबद्दल त्यांची वाहवा केली आणि भोग आमच्या मिरच्यांनी भोगले.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला. बंधाऱ्याचं पाणी एवढं खाली गेलं की कधी न दिसलेले दगड उघडे पडले. आणि नेमके त्याच वर्षी आबांचे गुडघे गेले. काठी घेऊन अंगणापर्यंत यायचे, खाटेवर बसायचे आणि पाटाच्या दिशेला बघायचे. आमचे हे कष्टाला वाघ आहेत, पण बसले की झोपतात. बांधावर झोपतात, ट्रॅक्टरवर झोपतात, एकदा न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली झोपले. असा माणूस पाटावर ठेवला तर निम्मं गाव वाहून जाईल. मग फावडं धरायचं कुणी? पाळीवाल्यांच्यात कुजबुज सुरू झाली. हिशेबी काकांनी सरळच सांगितलं की पाटाला बाहेरचा माणूस ठेवावा, आबांनी आता आराम करावा.

हिशेबी काका म्हणजे पाटाच्या खालच्या अंगाचा मळा. माणूस वाईट नाही. उलट इतका चोख, की त्याच्याशी भांडायचीसुद्धा सोय नाही. दुसऱ्याचं थेंबभर घेणार नाही आणि स्वतःचं थेंबभर सोडणार नाही. त्यांनी हे सांगितलं त्या दिवशी आबांनी दाराआड टेकवून ठेवलेलं फावडं मागून घेतलं आणि दिवसभर त्याचा दांडा काचेनं तासत बसले. मला फार वाईट वाटलं. फावडं घरातून गेलं की हा माणूसही फार दिवस काढणार नाही, हे मला दिसत होतं.

भिंगरीनं ते पाहिलं आणि म्हणाली, "मी धरते की फावडं."

हे हसले. आबा हसले नाहीत. मीही हसले नाही, पण माझं कारण वेगळं होतं. मी म्हटलं, दोन वर्षं परक्या मुलखात सेवा करून आलेली बाई आधी आपल्याच गावात रुळू दे.

कारण ती रुळलेली नव्हती. घरात पाहुणी असल्यासारखी वागायची. माठातलं पाणी घेताना विचारायची. ताटं इतक्या कमी पाण्यात घासायची की मी पाठीमागून जाऊन बोटानं बघायचे, तर स्वच्छ निघायची, म्हणजे बोलायचीही सोय नाही. घरातलं एक भांडं रिकामं दिसू द्यायची नाही, लोट्यापासून पिंपापर्यंत सगळं भरून वर झाकण. दुकानात गेली की रांगेत उभी राहायची. आमच्या दुकानात रांग कुठली, गठ्ठा असतो. ही त्या गठ्ठ्यामागे एकटी उभी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं कुणाची तरी वाट बघते आहे. मी तिला एकदा मीठ आणायला धाडलं, तर आमची अळणी जेवणं उरकून ताटं घासून झाली तेव्हा मीठ आलं.

आणि तोंडात सारखं 'तिकडे'. तिकडे असं होतं, तिकडे तसं करायचो. आमच्या ह्यांनी एकदा वैतागून विचारलं की तिकडे झोपत होते का माणसं, तेवढं सांग.

शाळेत तिचा सत्कार झाला. फुलं दिली, टाळ्या झाल्या. मग विचारलं, तिकडे आपण काय काम केलंत? ती म्हणाली, पाणी वाटलं. नळावर उभी राहून माणशी ठरलेलं पाणी डब्यात घालायचं, एवढंच. लोकांचा जरा हिरमोड झाला. गोळ्या, जखमा, दवाखाना असं काही ऐकायला मिळेल म्हणून आले होते बिचारे. एकटे हिशेबी काका तेवढे पुढे सरकून बसले आणि त्यांनी विचारलं की माणशी म्हणजे किती, आणि गळती किती धरत होता. तिनं सांगितलं, गळती धरतच नव्हतो, होऊच द्यायचो नाही.

सत्कारात जे सांगितलं नाही ते तिनं मला चुलीपाशी सांगितलं. एका बाईचा डबा रांगेतच फुटला. सांडलेल्याचं दुसरं मिळायचं नाही, नियमच तसा. ती बाई खाली बसली, ओला चिखल ओंजळीत गोळा केला आणि पदरात बांधून निघून गेली. नळ भिंगरीच्या हातात होता. "मी दिलं नाही, वहिनी. मागे सगळी रांग होती." एवढं बोलून ती कणीक मळायला लागली आणि इतकी मळली की शेवटी मी हातातून परात काढून घेतली.

पाणी सोडायच्या आधी पाट साफ करायचा असतो. प्रत्येक पाळीवाला आपापल्या हद्दीतला गाळ काढतो, गवत उपटतो. आमच्या घरचं फावडं घेऊन त्या वर्षी भिंगरी उतरली. पहिल्या दिवशी बघ्यांचीच गर्दी जास्त. काहींनी सांगितलं, ताई, तुम्ही काठावर बसून सांगा, आम्ही करतो. तिनं ऐकलं नाही. दुपारपर्यंत तळहाताला फोड आले, ते फुटले, फडकं गुंडाळून पुन्हा फावडं चालू. खाली वाकायची, भरलं घमेलं कमरेवर घेऊन एका दमात काठावर चढायची. संध्याकाळी पाठ सरळ होत नव्हती तर अंगणात पालथी पडली, मी तेल चोळलं. पाठीवर एक जुना व्रण होता, डबे वाहायच्या पट्ट्याचा. त्या पाठीला हात लावताना मनात म्हटलं, पोरगी सत्काराला गेली तेव्हा हे दाखवायला पाहिजे होतं. गावातले बाप्ये दुसऱ्या दिवशी 'ताई' म्हणायचे थांबले आणि 'भिंगरे, जरा इकडे घमेलं दे' म्हणायला लागले. ती घरी येऊन हे सांगताना एवढी खुश, जशी काही मोठी पदवी मिळाली.

तिसऱ्या दिवशी मी टोमॅटो घेऊन बाजाराला गेले होते. संध्याकाळी परत येते तो गावात शिरतानाच ऐकलं, भिंगरीनं वळणावरची गळती बुजवली.

माझ्या हातातली पाटी खाली आली.

पाट जिथे वळतो तिथे काठाखाली एक टोपलीवाली मावशी राहते. नवरा जाऊन युग लोटलं, लेकरू नाही. वेताच्या काड्या भिजवायच्या, टोपल्या विणायच्या, बाजारात विकायच्या. तिला जमीन नाही. पाट आणि रस्ता यांच्या मधल्या पट्टीवर तिची झोपडी आणि झोपडीपुढे दोन चादरींएवढा वाफा. त्या वाफ्यात पालेभाजी, दोन-चार वेल, कडेला मिरचीची रोपं. जमीन नाही म्हणून पाळी नाही. पण वळणावर काठातून एक धार झिरपायची, करंगळीएवढी, आणि ती बरोबर मावशीच्या वाफ्यात उतरायची. ही गळती मी लग्न होऊन आले तेव्हापासूनची. सगळ्या गावाला ठाऊक. कुणी कधी तिचं नाव काढलं नाही. पाटावरून जाताना माणसं त्या जागी आकाशाकडे बघत जातात.

भिंगरी गावातून गेली तेव्हा ही धार होती, पण शिकणाऱ्या-सवरणाऱ्या पोरीनं पाटाकडे कशाला लक्ष दिलेलं असतंय? परत आली ती नळावरची नजर घेऊन. काठात भोक दिसलं, तिनं ते आतपर्यंत खणलं, चिकणमाती आणून भरली, पायांनी तुडवली, वर दगड बसवला. काम असं पक्कं केलं की सात पावसाळ्यांत हलणार नाही. आणि सगळ्यांच्या समोर केलं. सगळे बघत उभे होते. बोलणार काय? जी गळती नाहीच, ती बुजवू नको असं कसं सांगायचं?

उलट वाहवा झाली. हिशेबी काका म्हणाले, "इतक्या वर्षांची गळती एका दुपारी बंद. या उन्हाळ्यात फावडं हिच्याकडेच राहू दे." सगळ्यांनी माना हलवल्या. मावशी झोपडीतून बाहेर आली होती. तीसुद्धा म्हणाली की पोरीच्या हाताला गुण आहे.

भिंगरी घरी आली ती उडतच. पाटकरीण झाले, आबा. आबांनी तिच्याकडे बघितलं, हूं म्हणाले आणि ताटात निम्मं जेवण टाकून उठले. तिला वाटलं गुडघे दुखत असतील.

पाणी सुटलं. पहिली पाळी आमची, पाटानं नेहमीसारखं पिऊन घेतलं आणि माझ्या मिरच्यांना उरलंसुरलं आलं. मग एकेकाच्या पाळ्या लागल्या. भिंगरीचं काम बघत राहावं असं होतं. फळी उचलताना घाई नाही, टाकताना आवाज नाही. शेवटाकडच्या दोन भावांचं दरसालचं भांडण तिनं नुसतं दोघांच्या मध्ये बसून राहून मिटवलं. एक अक्षर बोलली नाही, त्यांनाच कंटाळा आला. आबांची लेक शोभते, असं लोक म्हणू लागले. आणि मी रोज ठरवायचे की आज सांगू, आज आबा सांगतील.

मग एका सकाळी मी मावशीला रस्त्यात पाहिलं. खालच्या हापशावरून कमरेवर घागर घेऊन चढ चढत होती. थांबायची, घागर दगडावर टेकवायची, पुन्हा उचलायची. तिची कंबर मुळात टोपलीच्या कडीसारखी वाकलेली. मला बघून हसली आणि म्हणाली, चालणं बरं असतं या वयात. मी तिच्या वाफ्यापाशी जाऊन पाहिलं. वेल सुतळीसारखे लोंबत होते.

घरी येऊन मी पदर खोचला आणि सांगून टाकलं. कुणीतरी वाईट व्हायलाच पाहिजे होतं. "भिंगरे, तू बुजवलीस ती गळती मावशीची होती. तिचा वाफा तिच्यावर होता."

"मग मला कुणी बोललं का नाही? सगळे तिथेच तर उभे होते."

"सगळे उभे होते म्हणूनच."

ती उठली, दोन बादल्या भरल्या आणि चालायला लागली. मी मागोमाग. मावशी दारात विणत बसली होती. भिंगरीनं बादल्या वाफ्यापाशी ठेवल्या तशी मावशीनं तिला हातानं थांबवलं, जवळ बसवलं, तिच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला.

"तू आणलेलं पाणी मी घेतलं, तर उद्या तुला पुन्हा आणावं लागेल," मावशी म्हणाली. "मग मी रोज सकाळी तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसणार. एवढं आयुष्य गेलं, कुणाच्या वाटेकडे बघितलं नाही गं मी. पाटाचं पाणी आपलं आपण येत होतं."

आणि भिंगरीला वाईट वाटू नये म्हणून एका बादलीतलं थोडं पाणी काड्या भिजवायला घेतलं. दोन्ही बादल्या आम्ही परत आणल्या. भरल्या बादल्या परत आणण्याएवढं जड ओझं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

भिंगरी थेट आबांच्या खाटेपाशी गेली. "आबा, तुम्ही तरी बोलायचं होतं."

आबा बराच वेळ काठीच्या टोकानं जमीन उकरत राहिले. मग बोलले, आणि एकदम इतकं बोलले की मी हातातलं काम सोडून ऐकत उभी राहिले. "बोललो असतो तर ती गळती राहिली नसती. मावशीची पाळी झाली असती. पाळी म्हटलं की जमीन किती, हा प्रश्न आला. तिला जमीन नाही."

"मग मी पाळीवाल्यांना विचारते. एवढंसं पाणी. नाही कोण म्हणेल?"

"नाही कुणीच म्हणणार नाही. लाजेकाजेस्तव हो म्हणतील. आणि पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात तिला आठवण करून देतील. मावशी आज पाटावरून ताठ मानेनं जाते. ती मान तेवढी जाईल."

"तिकडे असतं तर नाव लिहिलं असतं आणि," भिंगरी म्हणाली आणि पुढचं बोललीच नाही. त्या दिवसानंतर 'तिकडे' हा शब्द मी तिच्या तोंडून क्वचितच ऐकला.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी ती फावडं घेऊन वळणावर गेली. दुपारी मावशीच्या वाफ्यात धार उतरलेली होती. दोन दिवसांनी शेवटाकडच्यांनी ओरड केली की पाणी कमी येतंय. सगळे वळणावर जमले. काय गं, बुजवलेली गळती फुटली कशी? भिंगरी म्हणाली, "माती धरली नाही. पुन्हा बुजवते." सगळ्यांच्या समोर पाटात उतरली, माती भरली, तुडवली. लोक गेले. दुसऱ्या सकाळी धार पुन्हा चालू. पुन्हा ओरड, पुन्हा बुजवणं, पुन्हा धार.

मग गावाला हसायला विषय मिळाला. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या तेच म्हणायला लागले की दोन वर्षं परदेशात पाण्याचं काम केलं म्हणे, करंगळीएवढं भोक बुजवता येत नाही. कुणी म्हणालं, तिकडे नुसती फोटो काढायला गेली असेल. दुकानात गठ्ठ्यातून एकानं तिला ऐकू जाईल असं सांगितलं की नाव मोठं, लक्षण खोटं. आमचे हे घरी येऊन तडकले, बहिणीनं घराण्याची अब्रू घालवली म्हणून. मी त्यांना म्हटलं, तुम्ही झोपा. भिंगरी सगळं ऐकायची, कानापर्यंत लाल व्हायची, आणि तोंडातून एकच वाक्य, मला जमत नाही. हुशार माणसाला हे वाक्य बोलायला काय पडतं ते मी रोज बघत होते. मला तिचा एवढा अभिमान वाटायचा की रडू यायचं, आणि रडायचीही चोरी.

त्यातच छावणीवाल्यांचा फोन आला. माणसं कमी पडताहेत, परत येशील का? तिनं मला सांगितलं, मी म्हटलं खरं ते, की जा बाई, तिकडे तुला मान आहे, इथं हसं झालंय. ती फोडांवरची मेलेली कातडी सोलत बसली होती. म्हणाली, "मी गेले तर काका बाहेरचा माणूस ठेवतील. तो गळती एकदाच बुजवील, आणि पक्की."

शेवटी हिशेबी काकांनी सगळ्या पाळीवाल्यांना वळणावर बोलावलं. फावड्याचा निकाल आजच लावू, म्हणाले. आबांना येता येत नव्हतं. मी गेले, हे गेले आणि उभ्या उभ्या जागे राहिले, म्हणजे प्रसंग केवढा असेल बघा.

काठावर माणसं दाटून उभी होती. खाली मावशी दारात टोपली विणत होती, मान वर नाही. काकांनी विचारलं, "पुन्हा फुटली?"

"फुटली. माती धरत नाही."

"पहिल्यांदा धरली होती."

"नशीब होतं," भिंगरी म्हणाली. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला काठावर नीट जोडीनं ठेवल्या आणि पाटात उतरले. वाकून भोकात कोपरापर्यंत हात घातला. आतल्या कडेवरून अंगठा फिरवला, हळूहळू, गोल. पाण्यानं फुटलेली माती खरबरीत असते, फावड्यानं कापलेली गुळगुळीत. शेतात जन्म गेलेल्या माणसाच्या बोटाला हे कळायला वेळ लागत नाही. त्यांनी मान वर करून भिंगरीकडे पाहिलं. तिचा चेहरा तापला होता, पण तिनं नजर खाली घेतली नाही. मग काकांनी खाली वाफ्याकडे पाहिलं. वेलांनी माना वर उचलल्या होत्या. मावशीचे हात थांबले होते, टोपलीची एक काडी तशीच हवेत.

काका चोख माणूस. त्यांनी एक शब्द उच्चारला असता, तर फावडं गेलं असतं, भिंगरी गेली असती, आणि ती धार कायमची उघडी पडून कायमची बंद झाली असती.

त्यांनी हात बाहेर काढला, पाटाच्या पाण्यात सावकाश धुतला. म्हणाले, "या वळणाला माती वाळूची आहे. आबांना आयुष्यभर जमलं नाही, ही तर कालची पोर."

शेवटाकडच्यांपैकी एकजण म्हणाला, पण काका, पाणी जातंय त्याचं काय?

"माझ्याही पाळीतलं जातं," काका म्हणाले. "एवढी एक सोडली तर बाकी काठ ती नीट राखते. फावडं राहू दे तिच्याकडे." आणि चपला हातात घेऊन चालू लागले. माणसं पांगली. जाताना सगळे आकाशाकडे बघत गेले. खाली मावशीनं काडी आत घातली आणि पुढचा वेढा धरला.

त्या दिवसापासून गावात भिंगरीला 'गळकी' म्हणतात. पोरंसोरं म्हणतात, बाजारातल्या बायका म्हणतात, हिशेबी काकासुद्धा म्हणतात. तिनं छावणीवाल्यांना कळवून टाकलं की येता येणार नाही, घरचं काम आहे. आणि कुणी लांबून 'ए गळके' अशी हाक मारली तर ओ देते.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. निकाल आबांच्या कानावर गेलेला होता, पण ते आपले खाली बघून जेवत होते. ताट पुसून निपटून झाल्यावर त्यांनी विचारलं, "फावड्यानं कापत होतीस?"

"हो," भिंगरी म्हणाली.

"फावड्याची धार मातीत उमटते. काकांनी कळूनही सोडलं, पुढचा कुणी सोडणार नाही." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "फावडं लावायचं नाही. आतल्या बाजूनं हातानं उकरायचं, तिरकं. वरून बघणाऱ्याला खेकड्याचं बीळ वाटलं पाहिजे."

भिंगरीचा घास हातातच राहिला. माझाही. इतकी वर्षं या घरात मी त्या माणसाला चहा दिला, औषध दिलं, त्याच्या कपड्यांचा चिखल धुतला. खेकडा आमच्या घरातच जेवत होता आणि मला पत्ता नव्हता.

"उद्या दाखवा मला," भिंगरी म्हणाली.

आबांनी गुडघ्यांवर हात फिरवला. गुडघे गेल्यापासून ह्यांनी कितीदा म्हटलं होतं की हातगाडीवर बसवून पाटावर नेतो, पण आबांनी कधी मान्य केलं नव्हतं. मी भाजीपाल्यासारखा गाडीतून जाणार नाही, म्हणायचे. या वेळी ते मला म्हणाले की गाडीत एक गोणपाट घालून ठेव, फळ्या टोचतात.

सकाळी भिंगरीनं गाडी ढकलली आणि मी दारात उभी राहून दोघं वळणापर्यंत जाताना पाहिली.